‘पुढचा डोस’ काढायचा की ठेवायचा?

सॉफ्टवेअरच्या धंद्यात किस्से जुन्या कोडसारखेच साठत जातात. वापरत कोणी नाही, पण डिलीट करायची कोणाची छाती होत नाही! म्हणून सांगून टाकतो. विश्वास ठेवायची सक्ती नाही. आमच्या बायकोनेही ठेवलेला नाही.

मीरा रोडला शांती नगरात, एका फरसाणवाल्याच्या वर आमचं ऑफिस. माणसं तीन : मी, शिर्के आणि आमच्या बॉस लीनाबेन. आम्ही तयार फंक्शन्सची लायब्ररी सीडीवर विकायचो; बाहेरचे प्रोग्रामर त्यावर दवाखान्यांची सॉफ्टवेअर्स बांधायचे. त्यातलं सगळ्यात जुनं फंक्शन शिर्केचं, ‘पुढचा डोस’. बाळाची जन्मतारीख द्या, पुढच्या लसीची तारीख घ्या.

लीनाबेनना नव्या व्हर्जनमधून ते उडवायचं होतं. “या एका म्हाताऱ्यासाठी सगळं नवं काम वाकडं करून लिहायचं? काढ ना, शिर्के!”

“काढतो. पण एखादा दवाखाना अजून त्याच्यावर चालत असेल, तर नवी सीडी टाकली की त्यांची लसीची यादी बंद. एक पोरगं सुटलं तर आईला सांगायला तुम्ही जाणार?”

लीनाबेननी माघार घेतली. हे वर्षातून एकदा व्हायचं!

*

आमचा एक रिवाज होता. विकण्याआधीच प्रत्येक फंक्शनला एक शेपूट लावायचं. कुठेही कोणी ते वापरलं, की मोडेमवरून आमच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर एक ओळ : कुठून, किती वाजता, कोणती जन्मतारीख. तीन महिने प्रिंटर गप्प, तर फंक्शन बाद.

एकोणनव्वद दिवस गप्प होता. नव्वदाव्या दिवशी, दुपारी तीन दहाला, करकरला! उत्तनजवळच्या चौक गावातला दवाखाना.

शिर्केने तिथल्या कंपाउंडरच्या घरी फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, “दवाखाना दोन वरीस बंद हाय, साहेब. डाक्टर गेलं, लाईट कापली.”

“मग कॉम्प्युटर कोण चालवतंय?”

“तिथं कोन न्हाय.”

*

ओळी येतच राहिल्या. रोज तीन दहाला, एकच जन्मतारीख.

आम्ही दोघं रिक्षाने चौकला गेलो. कंपाउंडरने कुलूप काढलं. कॉम्प्युटरवर सुक्या बोंबलाची टोपली, मागच्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या. शिर्केने घड्याळ बघितलं. तीन दहा. काहीच झालं नाही. मी हसलो.

परत आलो तर लीनाबेन कागद धरून उभ्या. “आली. तीन दहाला. तुम्ही तिथे काय करत होता?”

*

शिर्के रायगडचा, हट्टी! दुसऱ्या दिवशी एकटाच गेला, कंपाउंडरकडून जुनं रजिस्टर काढलं. त्या तारखेची एकच मुलगी, एका नाखव्याची. शेवटच्या डोससमोरचा रकाना कोरा.

घर शोधलं, आईला विचारलं. ती म्हणाली, “दवाखाना बंद झाला, मंग राहूनच गेला.” शिर्के त्या दोघींना रिक्षात घालून भाईंदरला घेऊन गेला आणि डोस देऊनच परतला. डॉक्टरने विचारलं, “तुम्ही कोण मुलीचे?”

हा म्हणाला, “टेक्निकल सपोर्ट!”

त्या दिवसापासून प्रिंटर गप्प.

*

पुन्हा तीन महिने मोजले. एक ओळ नाही. लीनाबेननी स्वतःच्या हाताने ‘पुढचा डोस’ उडवला, शेपटासकट. प्रिंटरची मोडेमची वायरसुद्धा काढून ठेवली. नवी सीडी तयार झाली, खालून जिलेबी-फाफडा आला. शिर्के पहिल्यांदाच निवांत दिसला.

तीन दहाला प्रिंटर करकरला.

कोणीच उठेना. शेवटी लीनाबेननी कागद फाडला, वाचला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ जाऊन उभ्या राहिल्या. ठिकाण चौक. जन्मतारीख येत्या गुरुवारची.

“शिर्के,” त्या हळूच म्हणाल्या, “फंक्शन परत टाक.”

“आणि नवं व्हर्जन?”

“थांबेल. आधी विचारणाऱ्याला जन्माला तर येऊ दे!”