चाखून धरलेलं बी

बाजारात चिबूड दिसलं की मी अजून आधी वास घेते. घ्यायचं की नाही ते नंतर ठरतं. ही सवय सासरची, ठाकुर्लीजवळच्या घरातली.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या काळात मी तिथे नवी सून होते. पावसाळ्यात कुंपणावर वेल चढायचे, गणपतीच्या सुमारास फळं पिकून आपोआप उकलायची. सासूबाई प्रत्येक फळ चाखायच्या. गोड आणि घमघमीत असेल त्याचंच बी राखेत घोळून, शेणाच्या थापीत बसवून चुलीमागच्या भिंतीला चिकटवायचं. बाकीची फळं गूळ घालून खाऊन टाकायची. ही निवड त्यांच्या सासूपासूनची. गौरीच्या नैवेद्याला तेच चिबूड हवं.

एका वर्षी धाकट्या दिरांनी खरबुजाचं बी आणून त्याच कुंपणाशी लावलं. खरबूज नदीच्या वाळूतलं, उन्हाळ्यातलं. पावसात फळं कुजून गेली, आम्ही हसलो आणि विसरलो. चिबूड नेहमीसारखंच झालं, बीही नेहमीसारखंच धरलं.

घोळ पुढच्या वर्षी कळला. एका वेलाची फळं घट्ट आणि बेचव, दुसऱ्याची गोड पण बिनवासाची, तिसऱ्याची उकलेचनात. दोन्ही एकाच जातकुळीची, आणि मधमाश्यांनी खरबुजाचा पराग चिबुडाच्या फुलांत नेला होता.

"भाऊजी, तुमचं खरबूज जाता जाता सोयरीक जमवून गेलं," मी म्हटलं. दीर हसले. सासूबाई हसल्या नाहीत. जुनं बी एकही उरलं नव्हतं, आणि गौरी तोंडावर आलेल्या.

नणंद शीळफाट्याकडे दिलेली. तिने लग्नानंतर इथलंच बी नेलं होतं. निरोप गेला, तशी ती दोन-चार फळं घेऊनच आली. सासूबाईंनी एक कापून फोड बराच वेळ चघळली.

"गर जाड झालाय गो. वास कुठे गेला?"

"आमच्या मामंजींना जाड गरच आवडतो. त्याचंच बी ठेवतो आम्ही. वासाचं कोण विचारतंय?"

"म्हणजे सासरच्यांनी चिबूडही आपल्या वळणाचं करून घेतलं."

"मग, मी तरी कुठे सुटले?"

नैवेद्याला त्यातलंच एक न कापलेलं फळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई त्याचं बी राखेत घोळायला बसल्या आणि मला म्हणाल्या,

"दरवर्षी वासाचं तेवढं निवडत वास परत आणायला वर्षं जातील. माझ्याच्याने सगळं व्हायचं नाही. आता तूही चाखायला बस."

"आई, मला सगळीच गोड लागतात."

"मग जेवायच्या आधी नको चाखूस. पोट भरल्यावर चाख."