कोपऱ्यावरचं घर

ज्या गावात मी अजून पाऊल ठेवलेलं नाही, त्या गावचा रस्ता मला तोंडपाठ आहे. खाली नदी, नदीवर दगडी पूल, पलीकडे बंद पडलेली पाणचक्की. तिथून चढ लागतो. पहिल्या वळणावर मधमाश्यांच्या रंगीत पेट्या, दुसऱ्यावर गवत वाळवायचे उंच लाकडी मांडव, तिसऱ्या वळणाच्या कोपऱ्यावर एक बंद घर. त्याच्या वर दोन वळणं दाट जंगल. जंगल संपलं की गाव: मूठभर घरं, मध्ये लिंडनचं म्हातारं झाड, आपल्याकडे पाराचा पिंपळ असतो तसं, आणि टेकडीच्या टोकावर चर्च. शेवटचं घर माझ्या मुलीच्या सासरचं. हे स्लोव्हेनियातलं गाव मी शारजात, औद्योगिक क्षेत्राच्या कडेला असलेल्या आमच्या फ्लॅटमध्ये, फोनवरचा नकाशा बोटांनी मोठा करकरून शिकले. खिडकीतून मला दिसतं ते टायरचं दुकान.

शिकले, कारण मुलगी गरोदर होती आणि मला जाता येत नव्हतं.

युरोपच्या व्हिसासाठी इथला रहिवास पुढचे काही महिने तरी चालू असावा लागतो. आमचा संपत आला होता. ह्यांच्या कंपनीचा मालक बदलला, कसलीशी फाइल अडकली, आणि तिच्यात ह्यांचा व्हिसा अडकला. माझा व्हिसा ह्यांच्या व्हिसाच्या शेपटीला. भारतात जाऊन तिथून अर्ज कर, असं सगळे सांगत. तारीख मिळेपर्यंत नातवंड चालायला लागलं असतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणून मी कंपनीच्या मंदूबला, म्हणजे सरकारी कामं करून आणणाऱ्या माणसाला, स्वतः फोन लावला.

"मॅडम, फाइल ब्लॉक है. नेक्स्ट वीक हो जायेगा, इन्शाल्ला."

"भैया, बेटी की डिलिव्हरी भी नेक्स्ट वीक तक रुकेगी क्या?"

"खलास मॅडम, समझ गया, आय विल ट्राय."

शारजात तेव्हा वर्षातली सगळ्यात सुंदर हवा होती. लोक समुद्राकाठी कोळसे पेटवून कणसं भाजत होते, आणि मी घरात फोनपाशी बसून होते. रागाने माझं डोकं दुखायचं. डिंकाचे लाडू केले आणि कुरिअरनं पाठवून दिले. लाडवांना व्हिसा लागत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. मी मुलीला सुरुवातीलाच म्हटलं होतं, पोट दिसायला लागायच्या आत निघून ये.

"आई, व्हॉट माहेर? इट्स अ रेंटेड फ्लॅट ऑन पपाज व्हिसा."

ती इथेच जन्मली, इथेच वाढली. खोटं काहीच बोलली नव्हती. म्हणून तर मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

मग मी विहीणबाईंना पकडलं. त्या त्यांच्या भाषेत बोलत, मुलगी मध्ये इंग्रजी करी, तिचं मराठी मी मनात करी. त्या कोबी चिरता चिरता सांगत. त्यांची आजी सम्राटाच्या राज्यात जन्मली. शाळेत गेली तोवर गाव दुसऱ्या देशात गेलं होतं, आणि वर्गात घरची भाषा बोललं की छडी. लग्न झालं तिसऱ्या देशात, गेली चौथ्यात. खाट मात्र तीच, त्याच खिडकीखालची. देश येतात नि जातात, घर राहतं, असं विहीणबाई म्हणाल्या. मला त्यांचा हेवा वाटला. मी एकाच देशात किती भाड्याची घरं बदलली, आणि ओळखपत्रावर अजून 'गृहिणी'.

तिथे माणसाला आडनावानं कोणी हाक मारत नाही. घराला नाव असतं, आणि त्या घरात जो राहील त्याला ते लागतं. जावयाचं घर 'शिंप्याचं'. शिंपी जाऊन कित्येक पिढ्या झाल्या. जावयाला तुटलेलं बटण लावता येत नाही. तरी तो शिंप्याचा, आणि माझी मुलगी शिंप्याची सून. तिसऱ्या वळणावरचं ते 'कोपऱ्यावरचं'. तिथली म्हातारी शहरात मुलाकडे गेली होती आणि किल्ली विहीणबाईंकडे होती.

दिवस भरत आले आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. तिकडे थंडीत कधी कधी असा पाऊस पडतो, की जिथे पडेल तिथे त्याची काच होते. फांद्यांवर काच चढत जाते आणि वजनाने झाडंच्या झाडं मोडून रस्त्यावर येतात. तसा पाऊस येणार असं बातम्यांत सांगत होते. हॉस्पिटल खाली, पूल ओलांडून शहरात. मी नकाशा उघडला. पुलापासून कोपऱ्यापर्यंत मोकळी गवताळ जमीन. कोपरा ते गाव सगळं जंगल. झाडं पडली तर माझी मुलगी वर अडकणार.

"शहरात जाऊन राहा," मी म्हटलं.

"आई, रिलॅक्स. देअर इज टाइम."

"विहीणबाईंना फोन दे. आणि मी बोलेन ते जसंच्या तसं सांग, गाळू नकोस."

मी त्यांना माहेर म्हणजे काय ते सांगितलं. पहिल्या खेपेला मुलगी आईच्या घरी जाते. तिथे तिला कोणी काम सांगत नाही. सासू मागाहून येते, बाराव्या दिवशी, बारशाला. आणि मला घर नाही, असलं तरी तुमच्यापाशी नाही, असं म्हणताना मला रडू आलं. मुलीने ते गाळलं असावं. पण विहीणबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. मग एकच प्रश्न विचारला: "सासू त्याआधी मुळीच येत नाही?"

"आमच्याकडे तरी नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरचं घर उघडलं, झाडलं, शेगडी पेटवली आणि मुलगी-जावयाला तिथे नेऊन सोडलं. मुलीला म्हणाल्या, हे तुझ्या आईचं घर. स्वतः उंबऱ्याच्या आतही थांबल्या नाहीत, वर निघून गेल्या. मी जावयाला फोनवरून मऊ भात शिकवला. त्याने तो करपवला.

पाऊस आला. जंगल मोडून रस्त्यावर पडलं. वरच्या गावाची वीज गेली, फोन गेले. सकाळी कळा सुरू झाल्या तेव्हा कोपऱ्याखालचा रस्ता मोकळा होता. जावयाने गाडी काढली. त्यानंतर दुपारपर्यंत मी शारजात आणि विहीणबाई त्या अंधाऱ्या घरात, दोघी सारख्याच कोंडलेल्या. आयुष्यात इतकी असहाय मी कधी नव्हते.

"ममी, गर्ल. बोथ ओके," जावई म्हणाला आणि हुंदके देऊ लागला. त्याच्या आईला अजून कळलं नव्हतं. मला हजारो मैलांवर कळलं होतं, आणि ती दोन वळणं वर काही न कळता बसली होती. शेजारचा एक जण मोडलेल्या झाडांवरून चढत वर गेला आणि निरोप घेऊन उतरला: "कोपऱ्यावरच्या आईला सांगा, शिंप्याकडची सासू बाराव्या दिवशी येईल."

रस्ता त्याच्या बराच आधी साफ झाला. तरी त्या आल्या नाहीत. नात हॉस्पिटलातून कोपऱ्यावर आली होती, फक्त दोन वळणं खाली, आणि त्या माझ्या शब्दाखातर वर थांबल्या. मुलगी मला रागवली, तू काय सांगून ठेवलंस म्हणून.

बाराव्या दिवशी माझा फोन वाजला. त्याच सकाळी मंदूबने पुन्हा पुढचा आठवडा सांगितला होता. पडद्यावर कोपऱ्यावरच्या घराचं उघडं दार, आणि दारात विहीणबाई, ठेवणीतल्या कपड्यांत, हातात विणलेलं पांघरूण. आत बाळ रडत होतं. त्या आत येईनात.

"काय झालं?" मी विचारलं.

"शी इज वेटिंग फॉर यू," मुलगी म्हणाली. "तू बोलावल्याशिवाय नाही येणार म्हणते. तुझं घर आहे ना."

खाली टायरच्या दुकानात कोणीतरी चाकाच्या पत्र्यावर हातोडा मारत होतं. मी पदर नीट केला, घसा खाकरला, आणि मोठ्याने म्हटलं, "या विहीणबाई, आत या."