राजाची उडी

हॉलच्या बाहेर मी नुसती येरझारा घालत होते. आत खिडकीजवळच्या टेबलावर माझे बाबा बसले होते आणि त्यांच्यासमोर दोन वेण्या घातलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी. चंद्रपुरातली खुली बुद्धिबळ स्पर्धा, हरला तो बाहेर. अर्ज मीच भरला होता. बाबा असे बाहेर पहिल्यांदाच खेळत होते, आणि निघताना अख्ख्या मोहल्ल्याला सांगून आले होते, "एक तरी डाव जिंकूनच येतो."

बाबा सुतार. पट त्यांनीच सागाचा केलेला, सोंगट्याही त्यांच्याच हातच्या. दुकानापुढच्या बाकावर त्यांना हरवणारा माणूस मी पाहिला नाही. मलाही त्यांनी कधी जिंकू दिलं नाही. लहानपणी मी रडून पट उधळला, तर सगळ्या सोंगट्या जिथल्या तिथे परत मांडायचे आणि मला हरवायचे. आठवलं की अजून डोकं तापतं.

आमच्या बाकावरच्या खेळात राजाला एक सवलत असते. त्याला शह बसलेला नसेल, तर डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. बाबांचा सगळा खेळ त्या उडीवर. मी राजाला कोंडीत धरलं की तो टुणकन पलीकडे!

स्पर्धेत ही उडी चालत नाही. भामरागडला नोकरीला असताना पावसात रस्ता बंद झाला की मी मोबाइलशीच बुद्धिबळ खेळायचे, तिथे मला हे कळलं होतं. बाबांना बाकीचे फरक मी सांगितले. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं, राजा-हत्तीचा किल्लेकोट कसा करायचा, सगळं. नेमकी उडी गाळली. विसरले, असं लोकांना सांगते. विसरले नव्हते. एकदा तरी कोणी त्यांना हरवावं, असं मला वाटत होतं.

बाबांनी राजा उचलला आणि उडी मारली. मुलीनं टेबलावरचं डावाचं घड्याळ थांबवून हात वर केला. पंच आले.

"राजा असा चालत नाही, काका. आता हात लागलाय, राजाच हलवावा लागेल."

"काऊन नाई चालत? आमच्या इथी तं चालते न!"

शेजारच्या टेबलावर कोणीतरी हसलं. ते हसणं खिडकीबाहेर मला ऐकू आलं. बाबांनी राजा एक घर सरकवला आणि दोन चालींत मात झाली. मुलीनं हात पुढे केला. बाबा त्या हाताकडे बघतच राहिले, मग त्यांनी तो धरला.

ऑटोत त्यांनी विचारलं, "तुले माहीत होतं काय, बाई?"

"नाही," मी म्हणाले.

संध्याकाळी त्यांनीच पट मांडला. "आता तिथल्यासारखंच खेळू." मला धड बसवेना, पाय सारखा हलत होता. तासाभरात त्यांचा राजा कोंडीत सापडला. त्यांचा हात सवयीनं राजाकडे गेला आणि वरच थांबला.

"मारा न उडी, बाबा. घरी चालते."

"नाई. हरलो मी."

त्या मुलीनं केला होता तसाच त्यांनी हात पुढे केला. मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांविरुद्ध जिंकले होते, आणि माझा हात काही केल्या पुढे होईना.