म्हात्रे बाईंचा ऑफ तास

मुख्याध्यापकांनी राजीनाम्याचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "शिंदे बाई, या वर्षातला हा तिसरा. संस्था माझ्याकडे कारण मागणार. तुम्ही सुपरवायझर आहात, तुम्ही बोला तिच्याशी."

कागदावर एकच ओळ होती. 'वैयक्तिक कारणास्तव मी नोकरी सोडत आहे.' खाली सही, ज्योती म्हात्रे.

मला आतून बरं वाटलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. बेलापूरच्या आमच्या शाळेत मी सोळा वर्षं गणित शिकवत होते. आमचं गाव साताऱ्याकडचं, त्यामुळे आवाज मोठा आणि शिस्त कडक. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. त्याचा मला अभिमान होता.

ज्योती तीन वर्षांपूर्वी आली. शेजारच्या दिवाळे गावची, आईवडील मासेमारीवर जगणारे. बीएस्सी, बीएड. पहिल्याच महिन्यात तिने नववी बच्या वर्गात चुन्याच्या पाण्याने, लिंबाच्या रसाने आणि हळदीच्या कागदाने असा काही तास घेतला, की मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी मुलं उठेनात. मी व्हरांड्यातून बघत होते. सुट्टीनंतर त्या वर्गावर माझा तास होता. मी आत गेले तेव्हा मुलं गप्प बसली, पण चेहऱ्यावरचं तेज विझलं. ते मला दिसलं.

मग मुलं स्टाफरूमच्या दारात यायला लागली. "म्हात्रे बाई आहेत?" मी दाराजवळच्याच खुर्चीवर बसलेली असायची. माझ्याकडे बघून विचारायची आणि माझ्या पलीकडे शोधायची.

एकदा पालकसभेला दिवाळ्याची एक बाई टोपली बाहेर ठेवून आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुकट तिने ज्योतीच्या हातात दिली. "माजं पोर घरी येऊन परयोग करतं," म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमी पन शिकवता का?"

स्टाफरूममधले सगळे हसले. मीही हसले. घरी गेल्यावर मात्र ते वाक्य दोन दिवस डोक्यातून गेलं नाही.

आता सुपरवायझरचं काम काय ते सांगते. शिकवायचं, आणि वर शाळेचं वेळापत्रक लावायचं. मोठ्या कार्डशीटवर चौकोन आखून पेन्सिलीने नावं भरायची. शिक्षकाला दिवसातून एखादा तास मोकळा असतो, त्याला ऑफ तास म्हणतात. बाहेरच्यांना वाटतं, तो चहा प्यायला असतो. खरं तर त्या वेळात वह्या तपासायच्या, पुढच्या तासाची तयारी करायची, घशाला विश्रांती द्यायची. एखादा शिक्षक रजेवर असला, की त्याच्या वर्गावर ऑफ तास असलेल्याला पाठवतात. तो बदली तास. कुणाला पाठवायचं, ते सुपरवायझर ठरवतो. रोज सकाळी, रजिस्टरमध्ये, स्वतःच्या हाताने.

ज्योतीने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "बाई, नववी बच्या आधीचा तास मला ऑफ मिळेल का? प्रयोगाचं सामान मांडायला लागतं."

"वेळापत्रकात बसत नाही गं," मी म्हणाले.

बसत होतं. पेन्सिलीने दोन नावांची अदलाबदल केली असती तर झालं असतं. मी तिला त्याच तासाला वरच्या मजल्यावर पाचवीला पाठवलं. शिवाय बदली तास आले, की माझी पेन्सिल आपसूक तिच्या नावावर जायची. कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं: मुलं तिचं ऐकतात.

मतदारयाद्यांचं काम आलं, तेव्हाही तरुण म्हणून तिचंच नाव मी सुचवलं. दिवाळीनंतर तिचे प्रयोग बंद झाले. फळ्यावर आकृती काढून शिकवायला लागली. तिचा आवाज बसला, तो महिनाभर सुटला नाही. स्टाफरूमच्या दारात येणारी मुलं कमी झाली. मला वाटलं, चला, आता सगळं सारखं झालं.

आणि आता हा राजीनामा.

मी तिला प्रयोगशाळेत गाठलं. ती बाटल्यांवरची लेबलं पुसून नवी लावत होती.

"ज्योती, का सोडतेस?"

"रबाळ्याला केमिकल कंपनीत लॅबमध्ये मिळालंय, बाई. सोमवारपासून."

"मुलांचा त्रास होतो?"

"मुलांचा?" ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. आवाज अजून घोगराच होता. "मुलांसाठी तर एवढे दिवस राहिले. पण आता मी शिकवायला जातच नाही, बाई. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात मुलं सांभाळायला जाते. घरी जाते तेव्हा आईशी बोलायला गळा नसतो."

कसं कोण जाणे, माझ्या तोंडातून निघून गेलं, "तुझे तास मीच तसे लावत होते."

"माहीत हाय, बाई." चिडली किंवा हळवी झाली, की तिची गावची बोली यायची. "पहिल्या वर्षी वाटायचं, बाईंचा आपल्यावर भरवसा हाय. म्हनून कुठल्याबी वर्गावर पाठवतात. घरी अभिमानानं सांगायची मी."

"आणि मग?"

"मग कळलं."

ती पुन्हा लेबलाकडे वळली.

"मी उद्याच वेळापत्रक बदलते," मी म्हणाले. "नववी बच्या आधीचा तास तुझा."

"नको, बाई. आता मला त्या तासाला प्रयोग सुचनार नाय."

मी मुख्याध्यापकांकडे गेले. "संस्थेला कारण लिहा, सर. वेळापत्रक. ते मी लावलंय. मुद्दाम तिच्यावर भार टाकला."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "असं लिहिलं तर तुमची चौकशी लागेल आणि माझीही. शाळेचं नाव जाईल ते वेगळंच." त्यांनी लिहिलं, 'वैयक्तिक कारण.' मी वाचलं आणि विरोध केला नाही. तेवढं धैर्य नव्हतं.

तिच्या जागी नवीन शिक्षिका आल्या. त्यांना मी नववी बच्या आधीचा तास न मागता मोकळा दिला. त्या तासाला त्या स्वेटर विणायच्या. प्रयोगशाळेची किल्ली त्यांनी वर्षभर मागितली नाही.

दोनेक वर्षांनी ज्योती मला वाशीला एका दुकानात भेटली. स्वतःहून बोलली. आवाज स्वच्छ होता. लॅबमध्ये काय करतेस, विचारलं, तर म्हणाली, "नमुने तपासते. अर्ध्यातून कुणी उठवत नाही." मला पुन्हा हेवा वाटला. आधी ती शिकवते कशी याचा वाटायचा, आता ती सुटली याचा वाटला. मी तेव्हाही रोज सात तास उभीच होते, आणि सोडून जायची हिंमत मला कधी झाली नव्हती.

"शाळेची आठवण येते का?" मी विचारलं.

"मुलांची येते," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून निघाली.

चांगले शिक्षक का सोडून जातात, यावर निवृत्तीनंतर मी बरीच भाषणं ऐकली. पगार, पालक, सरकारी कामं, सगळं त्यात असतं आणि ते खरंही आहे. पण नोकरीवर रुजू होणाऱ्या मुलींना मी एवढंच सांगते: शाळा कशी आहे ते नंतर बघा. वेळापत्रक कोण लावतं ते आधी विचारा, आणि ती बाई शिकवते कशी, तेही जरा बघून घ्या.