फट गावता नये

पेडण्याच्या गॅरेजमधले मेस्त्री जुन्या गाड्यांच्या पत्र्यांचे सांधे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवायचे, मग डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवायचे. "फट गावता नये," एवढंच बोलायचे. हॉटेलात चहा येईपर्यंत टेबलावरही अंगठा चालूच.

गोवा राज्य झालं त्या वर्षी ताईच्या लग्नासाठी बाबांनी आमची जुनी मोटार त्यांच्याकडे दिली. आणायला गेलो तर डावीकडचं मागचं दार दिसेचना.

"दार खय आसा?" बाबांनी विचारलं.

"हंयच आसा." मेस्त्रींनी डोळे मिटून अंगठा फिरवला. त्यांनाही ते गावलं नाही. ओशाळतील असं वाटलं, तर बुवा खुशीत हसले.

ताई उजवीकडून चढली. मांडवात नवरा-नवरीने हात हातात घेतल्यावर मेस्त्री पुढे आले, त्या हातांवरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाले, "हंय जराशी फट ठेवा. नायतर दार उघडूचा नाय."