कांताच्या नावाचा टॅग

हिंदी मुलखातल्या आमच्या कॅम्प-१ या मराठी कामगार वस्तीतल्या बळीराम काकांनी उभा जन्म कारखान्यात क्रेन चालवली. लालबुंद लोखंड अलगद उचलून अलगद ठेवणारा हा माणूस मोबाइलवर बोट मात्र असं दाबायचा, की काच मागून बाहेर यावी. तरी रिटायर झाल्यावर त्यांनी वस्तीच्या वेबसाइटचं काम मागून घेतलं. घरात बसून कांताकाकूंच्या कामात चुका काढण्यापेक्षा हे बरं, असं खुद्द काकूंचंच मत पडलं.

वेबसाइट काढली होती बुद्धविहाराचं काम बघणाऱ्या अभिनवने. लोकांनी ट्रंका उपसून जुने फोटो आणून दिले. चौदा एप्रिलच्या मिरवणुका, लग्नं, मैत्रीबागेतल्या सहली. सगळे स्कॅन होऊन चढले आणि कोणालाच काही सापडेना. स्वतःचं लग्न बघायचं, तर आधी अख्ख्या वस्तीची लग्नं उरकावी लागत. मग अभिनवने उपाय काढला : प्रत्येक फोटोला टॅग. म्हणजे नावांच्या चिठ्ठ्या. नाव टाइप करा, त्या माणसाचे सगळे फोटो समोर हजर.

काकांना पुरुष सगळे ठाऊक. बायकांच्या बाबतीत मात्र त्यांची चिठ्ठी 'मारोतरावची बायको'च्या पुढे जात नसे. शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या काकूंनी एकदा ते वाचलं आणि सूप खाली ठेवलं.

"अहो, मारोतरावच्या बायकोले नाव नाही का?"

"असन ना. मले काय मालूम?"

"नूतन नाव आहे तिचं. तिच्या हातचं भरीत बोटं चाटून खाता, अन् नाव मालूम नाही!"

त्या दिवसापासून काकू सांगत आणि काका टाइप करत. पदराआडच्या, अर्ध्या कापल्या गेलेल्या, पाठमोऱ्या बायकासुद्धा काकू ओळखत. वस्तीतल्या कितीतरी बायकांना आपलं नाव पहिल्यांदा तिथंच छापलेलं दिसलं. काकूंचा नियम एकच, आणि कडक. मी एकदा लाडात येऊन म्हटलं, "काकू, हा सहलीचा फोटो मीच काढला. माझंही नाव टाका ना."

"दिसतो का तू त्याच्यात?"

"मी कसा दिसणार? मी कॅमेऱ्यामागं."

"मंग नाही. जो दिसते त्याचंच नाव. नसलेल्याचं नाव लावलं तं शोधणारा फसन ना, बापा."

काका एकदा म्हणाले, "अवं, तुहा एकही फोटो नाही आला आतापर्यंत."

"माहा कायले शोधता? मी तं इथंच आहो ना. चला, पुढचा घ्या."

गेल्या थंडीत साध्या तापाचं निमित्त झालं. काकूंना दवाखान्यात नेलं आणि तिथून काका एकटेच परत आले.

काकूंच्या स्मरणाचं, वर्षाचं पुण्यानुमोदन जवळ आलं, तशी नागपूरहून लेकीचा, पायलचा फोन आला. "बाबा, मायचा हसरा फोटो पाहिजे मोठा करायले. आधार कार्डावर तं माय पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते." लग्नाच्या फोटोत काकूंची मान खाली होती, आणि पायलच्या मोबाइलमध्ये नेमका तोंडासमोर धरलेला हात. काका वेबसाइटवर गेले. 'कांता' टाइप केलं. उत्तर आलं : एकही फोटो सापडला नाही.

नंतर काकांनी जे केलं, त्याला वेडेपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते दिसेल त्या फोटोला 'कांता' टॅग लावत सुटले. एका दुपारी अभिनव घाईघाईनं आला.

"काका, ये क्या कर रहे हो? ह्या फोटोत नुसती पंगत आहे. काकू कहाँ है?"

"पोळ्या दिसून राहिल्या का नाही? तिनंच लाटल्या."

"और ये? नुसती कनात आहे."

"तिच्या मागं भात उपसून राहिली होती."

माझ्या लग्नाच्या फोटोलाही त्यांनी 'कांता' लावलं होतं, कारण नवरीची वेणी काकूंनी घातली होती. अभिनव खाली बसला. हळूच म्हणाला, "काका, नियम काकूंचाच होता ना?"

काकांनी चष्मा पुसला आणि ते एकेक टॅग काढायला बसले. मी शेजारीच होतो. प्रत्येक टॅग काढण्याआधी ते फोटो पुन्हा एकदा नीट बघत. एखाद्या कोपऱ्यात असेल, म्हणून. नव्हती.

संध्याकाळी चंदाबाई डबा घेऊन आल्या. काकूंची मैत्रीण. त्यांच्याइतकं टोचून बोलायचा हक्क वस्तीत कोणालाच नाही.

"भाऊजी, कावून हैराण होऊन राहिले? फोटोवाला आला का कांता कुठं उभी राहे? तुमच्या मागं! तुमचेच फोटो पाहा ना."

"माहे फोटो तं मले पाठ आहेत."

"पाठ असतीन. पण त्याच्यात पाहिलं कोणाले? सोतालेच ना?"

काकांनी 'बळीराम' टाइप केलं. फोटोच फोटो आले. त्यात एक कारखान्याच्या कबड्डीचा कप घेतानाचा. तो आम्हा सगळ्यांना पाठ होता, कारण काका प्रत्येक पाहुण्याला तो दाखवायचे. छाती अशी काढलेली, की कप लहान वाटावा. आणि त्या छातीच्या मागं, मंडपाच्या खांबाशी, कडेवर इवलीशी पायल घेऊन, डोक्यावरून घसरलेला पदर सावरायचंही विसरून, कांताकाकू तोंड भरून हसत होत्या.

काका मग माझ्याकडे वळले.

"ह्या फोटोले टॅग लावला तवा ती माह्या बाजूलेच बसली होती, बे. मी विचारलं, कोण कोण आहे? तं म्हणे, तुमी आहा. चला, पुढचा घ्या." मग म्हणाले, "अख्ख्या वस्तीतल्या पाठमोऱ्या बायका ओळखे ती. सोताले पाहिलं नसन का तिनं?"

चंदाबाई डब्याचं झाकण उगाच उघडत-लावत राहिल्या.

काकांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, टॅग लावला. आता 'कांता' शोधलं की एक फोटो येतो. एकच.

अभिनवने तो मोठा करून, काकूंपुरता कापून आणला. तरी फ्रेमच्या कडेला काकांचं कोपर आणि कपाचा कान उरलाच होता. "काका, कोपर आलंय बघा. काढून टाकू?"

"राहू दे," काका म्हणाले. "त्याच्याकडेच पाहून हसून राहिली ती."