अप्पांच्या मूठभर शेंगांसाठी वसमतपर्यंत

अप्पांनी शेंगदाणा थुंकला आणि आमची हिंगोलीची सहल ठरली.

अप्पा म्हणजे माझे सासरे, वय अठ्ठ्याहत्तर, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले मेकॅनिक. दिवाळीनंतर त्यांना लांबलेला ताप आला. ताप गेला, पण जाताना भूक आणि निम्मं वजन घेऊन गेला. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, रोज मूठभर सुकामेवा द्या, त्यात प्रोटीन असतं, चांगलं तेल असतं, थोडक्यात बरंच काही मिळतं. मी उत्साहानं बदाम, पिस्ते आणि सालासकट अक्रोड आणले. अक्रोड हातात फिरवून अप्पा म्हणाले, "सूनबाई, हे फोडायला वर्कशॉपमधला व्हाईसचा शिकंजा लागेल." मग भुईमुगाच्या शेंगा आणल्या. त्या मात्र ते स्वतः फोडून, एक-एक करून खायला लागले. चार दिवस बरे गेले आणि पाचव्या दिवशी एक दाणा खवट निघाला. त्यानंतर अप्पांनी वाटी सरकवली ती सरकवलीच.

शेंगांचं सोडा हो, ते सगळ्यातच असं करायला लागले होते. चष्म्याचा नंबर बदललाय, चला दुकानात, असं नवऱ्यानं म्हटलं की उत्तर ठरलेलं: "आता नवीन चष्मा किती दिवसांसाठी?" की दुकानाचा विषय तिथंच संपायचा.

अशात माझी नणंद ज्योती म्हणाली, "वहिनी, माझ्या शाळेतल्या मॅडमची मावशी वसमतकडे राहते. गिरजाबाई. त्यांच्या शेतातल्या शेंगा मी एकदा खाल्ल्यात. जाऊन आणू या?" शेंगा आणायला सव्वादोनशे किलोमीटर! नवऱ्यानं कपाळाला हात लावला. त्याला अप्पांजवळ बसवलं आणि जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी सहाला आम्ही दोघी संभाजीनगरहून निघालो. गाडी ज्योतीची, चालवणार ज्योती आणि बडबडणार मी.

जालना, मंठा, जिंतूर, औंढा, हिंगोली हा आमचा रस्ता. तुम्ही जाणार असाल तर थंडीतच जा. शेतं हिरवी असतात आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवता येतात. रस्ता बहुतेक ठिकाणी छान आहे, मधेच एखादा तुकडा हाडं मोजून घेतो. या दिवसांत ऊस भरलेल्या ट्रॉल्या भेटतात, त्यांच्यामागे हॉर्न वाजवून उपयोग नसतो. निवांत गाणी लावायची. जिंतूरला चहा-भजी झाली, औंढ्याला नागनाथाचं दर्शन झालं. देवळाच्या भिंतींवरची शिल्पं बघताना ज्योतीनं माझे इतके फोटो काढले की मागून एक काका म्हणाले, "ताई, जरा देवाला बी दिसू द्या."

दुपारी हिंगोलीच्या अलीकडे एका ढाब्यावर ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी असं जेवलो. दोघींचे मिळून तीनशेच्या आत झाले. चटणी इतकी झकास होती की मी तिसऱ्यांदा मागितली. वाढणाऱ्या दादांनी वाटीच आणून ठेवली.

मग नरसीला गेलो. नामदेवांचं गाव, शांत आणि प्रशस्त. दर्शन घेतलं, सावलीत बसलो. परतीच्या वाटेवर मला एक हातगाडी दिसली आणि तिच्यावर शेंगांचा ढीग. काय शेंगा होत्या! गोऱ्यापान, टपोऱ्या, मातीचा कण नाही. एक फोडली, दाणा तोंडात टाकला, टरफल रस्त्यावर भिरकावलं. ठीक लागला.

"धुऊन ठिवल्या बगा," गाडीवाले दादा कौतुकानं म्हणाले. "शहरातली गिऱ्हाइकं माती बघून घेतच न्हाईत."

मी पाच किलो घेतल्या. ज्योती म्हणाली, "अगं वहिनी, उद्या गिरजाबाईंकडे जायचंय ना?" मी म्हटलं, असू दे, दोन्हीकडच्या ताडून बघू. शेंगांची प्लास्टिकची पिशवी डिकीत टाकली. रात्री हिंगोलीत हजार रुपयांच्या लॉजवर मुक्काम केला. गरम पाणी सकाळी सात ते आठच मिळतं, आधी विचारून घ्या.

रविवारी औंढ्यावरून वसमतचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना हळदच हळद. पाला पिवळा पडून आडवा झालेला, काढणी तोंडावर आलेली. वसमतच्या अलीकडे डावीकडे कालव्याच्या कडेनं गाडी घातली. दोनदा चुकलो आणि दोन्ही वेळा एकाच सायकलवाल्या आजोबांनी रस्ता दाखवला. दुसऱ्या खेपेला ते नुसते हसले.

गिरजाबाई अंगणात बसल्या होत्या. साठीच्या, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. शेजारी दोन बाया आणि मधे शेंगांची रास. तिघींचे हात चालू, अंगठ्यानं शेंग दाबायची, दाणे सुपात, टरफल बाजूला.

"कोन, ज्योती का? ये. ह्या कोन?"

"माझी वहिनी. अप्पांसाठी शेंगा न्यायला आलोय मावशी."

"शेंगा?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "खायच्या तर कवाच सरल्या. हे बियाणं हाय. चार दिसांत पेरनी करून राहिलो आमी."

माझा चेहरा पडला असणार. पण माझ्याकडे पाच किलो होत्याच! मी डिकीतून पिशवी आणली आणि मोठ्या दिमाखात त्यांच्यापुढे ठेवली. "मग ह्या कशा आहेत ते तरी सांगा."

गिरजाबाईंनी पिशवीत हात घातला आणि ओला हात बाहेर काढला. रात्रीतून प्लास्टिकला आतून घाम फुटला होता. त्यांनी एक शेंग कानाशी हलवली, फोडली, दाणे बाजूला ठेवले आणि चक्क टरफल निरखायला लागल्या.

"काहून धुतल्या ह्या?"

"मी नाही, त्यांनीच."

"तुमच्यासाठीच धुतल्या ना पन?" शेजारच्या बाया फिस्सकन हसल्या. "हे बघा बाई. आतून पांढरं फेक. म्हंजी शेंग कवळीच उपटली. आन आता ही बघा." त्यांनी स्वतःच्या राशीतली मातकट शेंग फोडली. टरफलाच्या आत तपकिरी, जवळजवळ काळ्या रेषा उठल्या होत्या. "हे काळं पडलं की दाणा भरला. लोकं दाणा बघतेत आन टरफल फेकून देतेत. समदं त्याच्यातच तर लिवलेलं ऱ्हातं."

काल रस्त्यावर भिरकावलेलं टरफल मला आठवलं. मग गुळाचा चहा आला आणि माझी शिकवणी सुरू झाली. तुमच्यासाठी सांगते. शेंग हलवली की खुळखुळली पाहिजे, नाहीतर ती ओली आहे. माती चिकटलेली असली तर बिनधास्त घ्या. भोक पडलेली, तडकलेली नको. दाणा सुरकुतलेला, काळपट किंवा कडू निघाला तर लगेच थुंकायचा, कारण बुरशीचं विष भाजून जात नाही. म्हणजे आमच्या अप्पांचं बरोबर होतं! दाण्याची लाल साल काढत बसायचं नाही. ठेवायच्या त्या कापडी पिशवीत, आणि फोडायच्या त्या खायच्या वेळी. "टरफल हाय तवर दाणा शाबूत," गिरजाबाई म्हणाल्या. "म्हनून तर बियाणं पेरायच्या टायमालाच फोडतो."

"थोड्या विकत द्याल का मावशी?" मी धीर करून विचारलं.

"बियाणं इकत न्हाई आमी."

ज्योतीनं मग सगळं सांगितलं. ताप, वजन, सरकवलेली वाटी आणि चष्मा. चष्म्यापाशी तिला रडू फुटलं. बापाबद्दल परक्या अंगणात बोलताना तिचं असं झालं आणि माझेही डोळे भरून आले. गिरजाबाईंचे हात थांबले.

"म्हातारा सोता फोडून खातो का?"

"हो. दुसऱ्यानं फोडलेला दाणा घेतच नाहीत."

त्या उठल्या. घरातून कडुनिंबाचा वाळका पाला घातलेलं पोतं ओढत आणलं आणि त्यातून ओंजळीमागून ओंजळ काढून माझ्या ओढणीत टाकायला लागल्या. मी मोजायचं सोडून दिलं. पैशाचं नाव काढलं तर म्हणाल्या, "ती तुमची गोरी पिशवी ठिवा इथं. निवडून वाळवते. शेळ्या खातील." एवढी दिमाखात आणलेली माझी खरेदी शेळ्यांच्या वाट्याला गेली. निघताना त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं. "त्यांना सांगा, पेरलं तर उगवंल असाच दाणा दिलाय. मेलेला दाणा खाऊन काय ताकद येनार?"

रविवारी संध्याकाळी घरी पोचलो. पेट्रोल, जेवण, लॉज धरून खर्च झाला साडेचार हजारांच्या आसपास. एवढ्यात घरपोच बदाम आले असते, असं नवऱ्यानं म्हटलंच. मी शेंगा कापडी पिशवीत भरल्या, वाटीभर कढईत मंद आचेवर टरफलासकट भाजल्या आणि अप्पांपुढे ठेवल्या.

अप्पांनी वाटीकडे पाहिलंच नाही. मी गिरजाबाईंचा निरोप सांगितला. तेव्हा त्यांनी विचारलं, "बियाणं आहे म्हणतेस?" एक शेंग कानाशी हलवली, जसे ते आयुष्यभर गाडीचे नट हलवून ऐकत आले. फोडली. मी घाईघाईनं टरफल उचलून त्यांना आतल्या काळ्या रेषा दाखवल्या. त्यांनी दाणा चावला, बराच वेळ चावला. मग दुसरी शेंग उचलली. आम्ही तिघं टीव्ही बघतोय असं दाखवत त्यांच्या हातांकडेच बघत होतो. त्या दिवशी सात शेंगा गेल्या.

"न भाजलेल्या आण बरं तीन," ते म्हणाले. आणल्या. त्यांनी त्या शर्टाच्या खिशात टाकल्या आणि किती दिवसांनी पीक येतं ते विचारलं. चार महिने, मी म्हटलं. सकाळी बघते तर गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीत माती भुसभुशीत केलेली आणि अप्पांची बोटं मातीनं माखलेली.

आता रोजची मूठ पोटात जाते. वजन दीड किलोनं वाढलंय. मी बाजारात गेले की आधी टरफल बघते आणि दुकानदार माझ्याकडे बघतात. पण या सहलीतलं काय उरलं असं कुणी विचारलं, तर मी पेरल्यानंतरच्या अकराव्या दिवसाची सकाळ सांगेन. अप्पा कुंडीवर वाकले होते. जवळ गेले, मागे आले, चष्मा शर्टाला पुसला, पुन्हा वाकले आणि वैतागून त्यांनी मला हाक मारली.

"सूनबाई, इकडे ये. हे कोंब दोन आहेत का तीन? छे, या चष्म्यातून काही दिसत नाही. आज संध्याकाळी मला त्या दुकानात घेऊन चला."